घंगाळ कुणाचं?

संग्रहालयाच्या दारात गळ्यात अडकवायला एक छोटं यंत्र देतात. खांबावरचा आकडा बघून तो यंत्रावर दाबला की कानात कुणीतरी बोलू लागतं. "तुमच्या समोर दिसतेय ती धुराची चिमणी..." वगैरे. ते वाक्य लिहिणं हे माझं काम. आवाज माझा नसतो. आवाजासाठी वेगळी माणसं येतात. त्यांचे गळे चांगले असतात आणि चारचौघांत बोलताना त्यांचे कान लाल होत नाहीत. माझे होतात.

सिंगापूरला या नोकरीवर आले तेव्हा घरी कुणालाच कळेना की मी नक्की काय करते. माझ्या बरोबरीची बहुतेक मराठी मंडळी इथे आयटीत. त्यांचंही काम कुणाला समजत नाही, पण ते आयटी आहे एवढं समजलं की पुरतं. माझ्या मामाने फोनवर विचारलं, "म्हणजे गाइड झालीस का?"

"नाही, गाइडचं लिहून देते."

"मग गाइड काय करतो?"

"गाइड नसतोच."

यावर मामाने विषय बदलला.

काम साधं आहे, पण त्याचे काही नियम आहेत. ऐकणारा माणूस उभा असतो, त्याचे पाय दुखत असतात, शेजारी पोरगं हात ओढत असतं. त्यामुळे वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. 'पाहा' म्हटल्यावर पाहायला वेळ दिला पाहिजे. माझा बॉस डेरिक प्रत्येक मसुद्यावर त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत एकच शेरा मारतो, "शॉर्टर, केतकी. पीपल स्टँडिंग, लेग पेन, लाह."

तिसरा नियम मी हार्बरफ्रंटहून सुटणाऱ्या एका सहलीच्या बोटीवर शिकले. बोटीवर ऐकवायची माहिती आम्ही केली होती. 'तुमच्या डाव्या हाताला जुनी गोदी,' अशी वाक्यं होती. पण बोटीचे कॅप्टन अंकल लहरी. वारा आवडला नाही की फेरी उलट्या बाजूने मारायचे. मग आवाज म्हणे डावीकडे गोदी, आणि डावीकडे नुसता समुद्र. पहिल्याच दिवशी एका तमिळ मावशींनी नवऱ्याला गंभीरपणे सांगितलं, "पाडली असेल." सिंगापुरात काल असलेलं आज पाडलेलं असू शकतं, त्यामुळे नवऱ्याला ते लगेच पटलं. तेव्हापासून मी डावं-उजवं लिहीत नाही. 'समुद्राकडे तोंड करा' असं लिहिते. समुद्र जागा सोडत नाही.

नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यासाठीही असंच एक काम केलं होतं. वयस्कर पेशंटना लिफ्टपासून तपासणीच्या खोलीपर्यंत नेणारा आवाज हवा होता. काम संपल्यावर तिथल्या नर्सने सांगितलं, एक आजोबा यंत्र कानाला लावून बाकावर बसून राहतात, जात कुठेच नाहीत. तिने विचारलं तर म्हणाले, "शी इज व्हेरी पोलाइट." दिवसभरात त्यांच्याशी दुसरं कुणी इतकं नीट बोलत नसावं. त्या आजोबांना मी पाहिलं नाही. पण लिहिताना कुणासाठी लिहितेय हे डोळ्यांसमोर आणायचं असलं की अजून तेच येतात.

आता माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच घडली. तो भाग म्हणजे शांतता रेकॉर्ड करणं.

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे पंखा, कुठे छपराचा पत्रा, कुठे लांबचा रस्ता. स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या आवाजाखाली त्या जागेची शांतता अंथरली नाही तर तो आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून जिथे जाऊ तिथे रेकॉर्डर तिपाईवर ठेवायचा, सुरू करायचा, आणि आपण बाहेर पडायचं. आत कुणीही थांबायचं नाही. खोलीला एकटं सोडायचं. मला लोकांपेक्षा खोल्या जास्त कळतात असं आई म्हणते, ते अगदीच खोटं नाही.

२०१४ च्या आसपास आमच्याकडे ऑस्ट्रेलियाचं काम आलं. तिथल्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागात तांब्याच्या खाणींचं एक जुनं गाव आहे. खाणी कधीच बंद पडल्यात. आता तो सगळा परिसर ऐतिहासिक उद्यान म्हणून राखलाय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडा नियमभंग आहे. उद्यानाची समिती होती, समितीचा सेक्रेटरी ग्रॅहम होता, आणि त्यांना आठ थांब्यांची ऑडिओ गाइड हवी होती.

तेव्हा आई नाशिकहून महिनाभर माझ्याकडे आली होती. सेम्बावांगच्या माझ्या फ्लॅटमध्ये तिला आठवड्यातच कंटाळा आला. "तुमच्या लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत गं. बटणांकडे बघतात." मी कामाला निघाले तर तीही निघाली. "खाण बघते मी. तांब्याची म्हणतेस ना? मग तर येणारच."

तांब्याशी आईचं नातं जुनं. तिच्या माहेरी भांड्यांचं दुकान. दुकानाच्या पायरीवर हातोडी आणि खिळ्यासारखी टोकदार छिन्नी घेऊन एक काका बसायचे आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालायचे. कुणी दिलं, कुणाला, कशानिमित्त. आई लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ती टकटक ऐकायची. आजही कुणाच्या घरी गेली की चहाचा ट्रेसुद्धा उलटा करून बघते. माझ्या सिंगापूरच्या स्वयंपाकघरात पोह्यांचा एक स्टीलचा डबा आहे, त्यावर 'चि. प्रशांतच्या मुंजीनिमित्त' असं लिहिलंय. हा प्रशांत कोण, आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. पण डबा मागायचा झाला तर आम्ही "प्रशांत दे" म्हणतो.

विमानतळावर पहिला धक्का बसला. आईने आमटीसाठी चिंचेचा गोळा आणला होता, तो तिथल्या अधिकाऱ्याने हसत हसत काढून घेतला. "चिंच नेली मेल्याने," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

उद्यान फार मोठं आणि फार उघडं होतं. लाल मातीचे आणि दगडगोट्यांचे ढीग, मध्येच हिरवट झाक असलेले दगड, आणि आभाळात घुसलेल्या धुराच्या दोन चिमण्या. खाणीत पाणी भरायचं, ते उपसायला वाफेचं अजस्र यंत्र होतं, त्याची दगडी इमारत उभी आहे, यंत्र नाही. एक छोटी आगगाडी पर्यटकांना ढिगाऱ्यांमधून फिरवते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून खाणकामगार बायकापोरांसकट बोटीने इथे आले होते, मातीची घरं बांधून राहिले होते. त्यातलं एक घर जसंच्या तसं ठेवलंय. ते सगळ्या वास्तूंपासून लांब, रस्ता संपतो तिथे आहे.

ग्रॅहम उंच, शांत आणि अतिशय नीटनेटका माणूस. खिशात कायम टेप. त्याने मला आठ थांबे दाखवले, त्यात ते घर नव्हतं.

"लोक तिथवर चालत नाहीत," तो म्हणाला. "जॉइस आहे तोवर उघडं ठेवू. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. नंतर कुलूप लावून ढिगाऱ्यांच्या देखभालीची अवजारं ठेवता येतील."

म्हणजे नकाशावर नसलेलं घर कोठार होणार होतं, आणि नकाशा माझ्या गाइडवरून छापला जाणार होता.

जॉइसबाई दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. त्यांची आजी अशाच एका घरात राहायची. ते घर पडलं, हे उरलं, म्हणून गेली कित्येक वर्षं त्या हे घर झाडतात, चुलीतली राख काढतात, खिडकीत कण्हेर ठेवतात. पगार नाही. मला त्यांनी आत नेलं, सगळं दाखवलं, आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"आम्हाला तुझ्या यंत्रात घेशील ना, लव्ह?"

मी म्हटलं, मी फक्त लिहिते, थांबे समिती ठरवते. ते खरं होतं. पण खरं बोलून मी स्वतःला बाजूला काढून घेतलं हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "हो, हो, बरोबर," आणि टेबलावरचं कापड उगाच सरळ केलं.

आई मात्र तोवर मागच्या पडवीत पोचली होती आणि तिथून ओरडली, "केतू! अगं घंगाळ!"

विटांच्या चुलीत बसवलेलं तांब्याचं मोठं, खोल, गोल बुडाचं भांडं होतं. कपडे उकळायचं. खाणीतले लाल चिखलाचे कपडे दर सोमवारी त्यात उकळायचे. त्या भांड्याला तिकडे नुसतं 'कॉपर' म्हणतात. मी आईला सांगितलं तर म्हणाली, "मग आपण नाही का तांब्या म्हणत? तसंच." वरून काळपट तपकिरी, काठाला हिरवे डाग. आईने पदर खोचून वाकून काठ बघितला, बाहेरून बघितलं, आत हात घालून चाचपलं.

"नाव कुठाय?"

"कसलं नाव?"

"कुणाचं आहे हे घंगाळ? विचार ना त्यांना."

मी विचारलं. जॉइसबाई म्हणाल्या की ते कुणालाच माहीत नाही. ढिगाऱ्यांच्या पलीकडे मातीत अर्धं पुरलेलं सापडलं. माझ्या हातातल्या कागदावर समितीने दिलेली माहिती होती, ती मी आईला वाचून दाखवली: 'खाणकामगाराच्या ठरावीक पत्नीच्या वापरातील भांडे.' म्हणजे 'टिपिकल' शब्दाचं मी केलेलं तातडीचं मराठी.

"ठरावीक बायको म्हणजे कोण?" आई म्हणाली. "कुणी ठरवलेली?"

मी कागदाची घडी केली. मी त्यांना दोघींना पुढच्या खोलीत चहाला बसवलं, रेकॉर्डर पडवीत तिपाईवर ठेवला, सुरू केला, आणि बाहेर पडून ढिगाऱ्यांच्या बाजूला गेले. घर थांब्यांत नव्हतं, तरी तिथली शांतता मला घ्यावीशी वाटली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

वारा ऐकत जरा जास्तच वेळ फिरले. परत आले तेव्हा पडवीत त्या दोघी घंगाळावर वाकल्या होत्या. त्या घराच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. अर्धं कापलेलं लिंबू आईच्या हातात, मिठाचं भांडं जॉइसबाईंच्या हातात. आणि घंगाळाची एक अख्खी बाजू पहाटेच्या आभाळासारखी गुलाबी झळकत होती.

"आई!"

"चिंच असती तर अजून उजळलं असतं," आई म्हणाली.

संग्रहालयाच्या वस्तूला हात लावत नाहीत. त्यातून तांब्यावर वर्षानुवर्षं बसलेला थर हा तर त्या वस्तूचा इतिहास समजतात. तो घासून काढणं म्हणजे जुन्या कागदावरची शाई धुऊन काढण्यासारखं. हे मला माहीत होतं, जॉइसबाईंनाही माहीत होतं. पडवीत पाटीच होती. पण मराठी घरात वाढलेल्या बाईला काळं पडलेलं तांबं आणि लिंबू एका जागी दिसल्यावर पाटी दिसत नाही. आमच्याकडे देवाच्या भांड्यावर असा थर दिसला तर लोक घरात काही बरंवाईट झालंय का असं विचारतील.

नेमका तेव्हाच ग्रॅहम आला. तो ओरडला नाही. घंगाळाकडे बघत राहिला, मग खिशातली टेप काढून घासलेला भाग मोजला. तेवढं करून म्हणाला, "जॉइस, तुला नियम माहीत होता."

"माहीत होता," जॉइसबाई म्हणाल्या.

"मग आता हे घर उघडं ठेवा म्हणून समितीत बाजू घ्यायला मला काही उरलं नाही."

आईने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतोय?"

"काही नाही. घासायला नको होतं म्हणतोय."

"एवढंच?"

"एवढंच."

आईने आयुष्यभर शाळेत शिकवताना मुलांचे खोटे चेहरे बघितलेत. तिने लिंबाची फोड हळूच चुलीच्या काठावर ठेवली. निघताना जॉइसबाईंनी तिला मिठी मारली. आईने मिठी मारून घेतली, पण तिचे हात बाजूलाच राहिले, कारण त्यांना मीठ लागलं होतं.

विमानात ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिकडेच बघत म्हणाली, "माझ्यामुळे त्या बाईचं घर बंद होणार ना?"

मी म्हटलं, आधीच होणार होतं.

"ते 'आधीच' वेगळं," आई म्हणाली. "आता माझ्यामुळे."

सिंगापूरला परतल्यावर मी आठ थांब्यांची रेकॉर्डिंग्ज ऐकायला घेतली. यंत्राची इमारत: पारव्यांची फडफड. आगगाडीचा फलाट: तारेची गुणगुण. मग पडवी. सुरुवातीला वारा, पत्र्याची एक किरकिर, आणि अशी काही छान शांतता की मी डोळे मिटले. त्यानंतर दार वाजलं आणि आईचा आवाज आला.

"थांबा हं जॉइसबाई, मी धरते."

जॉइसबाई इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या आजीने हे असं ठेवलेलं बघितलं असतं ना, मला उभं केलं नसतं दारात."

"हो ना. लाज वाटते," आई मराठीत म्हणाली. जॉइसबाईंना मराठी येत नव्हतं, आईला इंग्रजी दोन-चार शब्दच. उत्तरं मात्र बरोबर पडत होती.

मग घासण्याचा आवाज. खसाखसा, खसाखसा, दोन हातांचा, एक जोरात एक हळू. मध्येच जॉइसबाई हसल्या. "बघ बघ, आलं! बघ रंग!" आई म्हणाली, "आत्ता कुठे. अजून खूप आहे." मग घासणं थांबलं. तांब्यावर बोटाने टकटक वाजलं. आई खिळ्याने नाव कसं घालतात ते दाखवत असणार. टिंब, टिंब, टिंब. "असं नाव घालतात आमच्याकडे. नेम. हर नेम. कुठाय हिचं नाव?"

जॉइसबाई म्हणाल्या, "देवाला ठाऊक, लव्ह. कुणी लिहूनच ठेवलं नाही."

आणि परत खसाखसा.

मी हेडफोन काढला. मग परत घातला आणि पुन्हा ऐकलं. चिमणीची उंची, यंत्राची ताकद, किती टन तांबं निघालं, हे सगळं मी नीट लिहिलं होतं. पण त्या गावात माणसं राहत होती हे मला पहिल्यांदा त्या आवाजात ऐकू आलं.

समितीबरोबर आमची व्हिडिओ मीटिंग ठरली होती. अशा मीटिंगमध्ये डेरिक बोलतो, मी लिहून घेते. इतकी वर्षं हे आमचं न बोलता ठरलेलं आहे. मीटिंगआधी मी जॉइसबाईंना फोन करून ते रेकॉर्डिंग वाजवायची परवानगी मागितली. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "पकडलंच आहेस, तर पूर्ण पकड," त्या म्हणाल्या. आईला विचारलं तर ती भाजी चिरत होती. "आता आणखी काय बिघडायचंय? वाजव."

डेरिकलाही ऐकवलं. त्याने कपाळाला हात लावला. "युअर मदर वॉश दि एक्झिबिट? अय्यो, केतकी." मग म्हणाला, "पण हे सांगायचं असेल तर तू सांग. तुझी आई."

स्क्रीनवर ग्रॅहम आणि समितीची आणखी दोघं होती. आठ थांबे मंजूर झाले. ग्रॅहम म्हणाला, "आणि घर वगळायचं, हे ठरलंच आहे." डेरिकने माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले होते. मी ठरवून आलेली वाक्यं सगळी विसरले आणि एवढंच म्हणाले, "मला काहीतरी ऐकवायचंय. त्या घरातलं आहे." आणि बटण दाबलं.

ऐकून झालं. ग्रॅहमने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"यात नियमभंग अगदी स्पष्ट ऐकू येतोय," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं. या वेळी तो खाली बघत ऐकत होता. मी म्हटलं, "या थांब्यासाठी मला काही लिहायचं नाही. फक्त हेच ठेवायचं. लोकांना मराठी कळणार नाही, पण कळेल." इंग्रजीतही ते वाक्य इतकंच वेडंवाकडं होतं. माझ्या आतापर्यंतच्या वाक्यांमध्ये डेरिकला ते सगळ्यात आवडलं असं तो नंतर म्हणाला, कारण छोटं होतं.

समितीने घराला नववा थांबा म्हणून एका हंगामापुरतं घेतलं. घंगाळाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, ही अट. माणसं खरंच चालत आली तर पुढचा विचार. मी आईला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं, देवाला नमस्कार केला, आणि पहिला प्रश्न विचारला, "आणि ते घंगाळ? अर्धंच ठेवलंय? उरलेलं कोण घासणार?"

शेवटची तपासणी करताना डेरिकने विचारलं होतं, "आवाजाखाली तुझ्या आईचं नाव टाकायचं?" जॉइसबाईंचं नाव उद्यानाच्या माणसांत होतंच. मी म्हटलं, नको. घरच्या माणसाचं नाव कामात कशाला? मला ते मिरवल्यासारखं वाटलं. तो ओके म्हणाला आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

चार-पाच वर्षांनी त्याच भागात दुसरं काम निघालं. मी एक दिवस जास्तीचा काढून बसने त्या गावाला गेले. कुणाला कळवलं नाही. खिडकीवर तिकीट काढलं, सगळ्यांसारखं यंत्र गळ्यात अडकवलं. चिमणीपाशी माझी वाक्यं ऐकली. दोन ठिकाणी शॉर्टर करता आली असती.

घर उघडं होतं. वाटेवर माणसं होती. फार नाहीत, पण होती. जॉइसबाई आता शहरात मुलीकडे राहतात, त्यांच्या जागी डायॅन नावाच्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं. खिडकीत कण्हेर होती. मी पडवीत गेले.

घंगाळ पूर्ण काळपट झालं होतं. कुठली बाजू घासली होती ते शोधूनही सापडेना. तांबं आपलं आपण पूर्ववत झालं होतं. मी नऊ दाबलं. वारा, पत्र्याची किरकिर, दार. "थांबा हं जॉइसबाई, मी धरते." माझ्या शेजारी एक ऑस्ट्रेलियन जोडपं तेच ऐकत होतं. दोघंही त्या नको तितक्या काळ्या भांड्याकडे बघत होते आणि कानात ते उजळत होतं. टकटक झाली तेव्हा बाईने नकळत वाकून काठ पाहिला, जसा आईने पाहिला होता.

ऐकून झाल्यावर तिने डायॅनबाईंना विचारलं, "ही जॉइस, ते कळलं. पण दुसरी बाई कोण?"

"कुणीतरी भारतीय पाहुणी," डायॅनबाई म्हणाल्या. "बरेच जण विचारतात. नाव नाही माहीत. कुणी लिहूनच ठेवलं नाही."

मी तिथे हात मागे बांधून उभी होते. एरवी मी अशा वेळी भिंतीवरची माहिती वाचू लागते. भिंतीवर माहिती होतीही, मीच लिहिलेली एक ओळ: दोघींनी एकच बाजू घासली. माझे कान नेहमीसारखे तापले.

"सुमन," मी म्हटलं.

तिघं माझ्याकडे वळले.

"तिचं नाव सुमन. नाशिकची आहे. माझी आई."

डायॅनबाईंनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरंच जमलं. त्या ऑस्ट्रेलियन बाईने ते आपल्या नवऱ्याला सांगितलं, जणू त्याने ऐकलंच नव्हतं. मग तिने मला विचारलं की आईने नंतर उरलेलं भांडं का नाही घासलं. मी म्हटलं, तिलाही तीच रुखरुख आहे.

बसची वाट बघत थांबल्यावर मी नाशिकला फोन लावला. सगळं सांगितलं. घर उघडं आहे, जॉइसबाई मुलीकडे आहेत, घंगाळ पुन्हा काळं पडलंय.

"पडणारच," आई म्हणाली. "हात फिरला नाही की तांबं रुसतं."

मग मी शेवटी, जरा अडखळत, सांगितलं की मी तिथे सगळ्यांना तिचं नाव सांगितलं.

फोनवर क्षणभर काही ऐकू आलं नाही. नाशिकच्या घराची शांतता मी ओळखते. त्यात फ्रिज असतो आणि खालच्या गल्लीतली एखादी स्कूटर.

"नुसतं सांगितलंस?" आई म्हणाली. "एवढी तिथवर गेली होतीस तर घंगाळावर घालून घ्यायचं की गं."